जंगलाची मोजणी आणि आपलं लाकूड: नाशिकहून वारंवार येणारे प्रश्न

घर बांधणारे, सुरगाणा-पेठचे बांधावर साग असलेले शेतकरी, अंबड-सातपूरचे पॅकिंगवाले आणि कॉलेजची पोरं हेच प्रश्न आलटून पालटून विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तिथं फक्त क्रमांक दिला आहे.

१. वनमोजणी म्हणजे काय? देशातली झाडं एकेक करून मोजतात का?

नाही. लासलगावच्या लिलावात व्यापारी अख्खी ट्रॉली ओतून बघत नाही. वर चढतो, चार ठिकाणी कांदा उचकतो आणि बोली लावतो. वनमोजणी तशीच नमुन्यावर चालते. फरक एकच, पण मोठा. ट्रॉलीत चांगला माल वर येतो हे शेतकऱ्यालाही माहीत असतं आणि व्यापाऱ्यालाही. जंगलातही मोजणाऱ्याला जागा निवडू दिली, तर तो रस्त्याजवळची, सावलीची, चढ नसलेली जागा निवडणार. म्हणून हात कुठं घालायचा हे आधीच नकाशावर ठरवतात.

हे काम डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे आहे. संस्था १ जून १९८१ ची. त्याआधी १९६५ पासून परदेशी मदतीनं एक सर्वेक्षण प्रकल्प चालू होता, त्यातूनच ती उभी राहिली. १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी तिचा अहवाल येतो. नॉर्वे, फिनलंड, स्वीडन या देशांनी अशी देशव्यापी मोजणी १९१९ ते १९२३ या काळातच सुरू केली. लाकूड हाच त्यांचा मुख्य धंदा, त्यामुळे वखारीत माल किती हे आधी त्यांनाच कळायला हवं होतं.

२. उपग्रहातून सगळं दिसतं, मग माणसं कशाला पाठवायची?

उपग्रहाला झाडाचा माथा दिसतो, खोड दिसत नाही. आणि लाकूड असतं खोडात. वनाच्छादनाचा नकाशा ज्या चित्रांवरून होतो, त्यांचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटर लांब-रुंद असतो. त्यात साग उभा आहे की पळस, घेर दीड फूट की पाच फूट, हे कळायला मार्ग नाही. शिवाय आपलं जंगल पानगळीचं. एप्रिलमध्ये त्र्यंबकच्या डोंगरांचा फोटो काढला तर सगळं उजाड दिसेल. म्हणून शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रं घेतात.

३. मोजणीची माणसं जंगलात नेमकं करतात काय?

देशभर ५ किलोमीटर बाय ५ किलोमीटरच्या चौकटी आखल्या आहेत. दर वर्षी त्यातल्या एक पंचमांश चौकटी होतात आणि पाच वर्षांत फेरी पूर्ण होते. ही पद्धत २०१६ पासूनची. त्याआधी दोन-दोन वर्षांसाठी देशातले ६० जिल्हे निवडत आणि ०.१ हेक्टरचा चौकोन आखत, बाजू ३१.६२ मीटर. आता ८ मीटर त्रिज्येची चार वर्तुळं असतात: एक मधोमध, तीन त्याच्यापासून ४० मीटरवर.

हरसूलच्या बाजूला एकदा अशा पथकामागं दिवसभर फिरलो. वनमजुराच्या हातात एक काठी होती, तिला १.३७ मीटरवर लाल रेघ. प्रत्येक खोडाला काठी टेकवायची आणि रेघेशी टेप गुंडाळायचा. आपल्याकडं झाडाचा घेर या छातीच्या उंचीवर घेतात. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूला उभं राहून. खोड या उंचीच्या खाली दुभंगलं असेल तर एका झाडाची दोन झाडं लिहायची. सागाच्या एका खोडावर मुंग्यांची रांग लागलेली, तर टेप तिच्यावरूनच ओढला आणि मुंग्या मजुराच्या बाहीत शिरल्या. घेर मात्र तो पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. ऐन, साग, धावडा, पुन्हा साग. एक खैराचा ताजा खुंटही होता. त्याच्यापाशी सगळे जरा थांबले आणि कोणी काही बोललं नाही. कातासाठी खैर चोरीला जाणं हे या सीमाभागातलं जुनं दुखणं आहे, आणि उभ्या झाडांच्या बेरजेत ते दिसत नाही.

दुसरा बिंदू नागलीच्या वावरात निघाला. झाड एकही नाही. तरी पथक तिथवर चालत गेलं आणि शून्य लिहून परतलं. मला तेव्हा हसू आलं होतं. पण ते शून्य लिहिलं नाही, तर बाकीचे आकडे फुगतात.

घेरावरून घनमीटर काढायला जातीजातीची सूत्रं ठरलेली असतात. सागाचं वेगळं, ऐनाचं वेगळं.

४. "वनाच्छादन वाढलं" असं पेपरात येतं, पण आमच्या डोंगरावर तर झाडं कमीच होताहेत. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. शब्द फसवा आहे. एक हेक्टरपेक्षा मोठी जागा, आणि तिच्या दहा टक्क्यांहून जास्त भागावर झाडांची सावली, एवढं असलं की ते "वनाच्छादन". जमीन वनखात्याची की तुमची, हे बघत नाहीत. आंब्याची बाग यात येते, बांबूचं बेटही येतं. दुसरीकडं, ज्याला कागदोपत्री वनजमीन म्हणतात तिच्यावर एक झुडूपही नसलं तरी ती वनजमीनच राहते. तुम्ही डोंगराकडं बघून "जंगल" म्हणता ते या दोन्हींपेक्षा वेगळं.

त्यामुळं आकडा वाचताना घनता बघा. ७० टक्क्यांच्या वर अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. घन जंगल घटून विरळ वाढलं तरी बेरीज तीच राहू शकते. २०२३ च्या अहवालात देशाचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के. बांधावरची, रस्त्याकडेची, गावातली झाडंही त्यात मिळवली तर २५.१७ टक्के. १९८८ च्या वननीतीनं एक तृतीयांशाचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

५. नाशिक जिल्ह्यात लाकूड किती घनमीटर आहे? एकच आकडा सांगा.

सांगत नाही, आणि कोणी छातीठोकपणे सांगितला तर त्याला पहिल्यांदा पद्धत विचारा. जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,५३० चौरस किलोमीटर. २५ चौरस किलोमीटरला एक चौकट धरली तर पाच वर्षांत जेमतेम सव्वासहाशे बिंदू येतात. त्यातले किती तरी येवला, निफाड, मालेगावच्या उघड्या रानात पडणार. राहिलेल्यांवरून राज्याचा अंदाज नीट बांधता येतो, देशाचा तर फारच नीट. पण सुरगाणा तालुक्यात सागाचा साठा किती, हे त्यातून काढणं म्हणजे पन्नास जणांना विचारून गल्लीतल्या निवडणुकीचा निकाल लावणं. तालुक्याच्या पातळीवर वनखात्याची कार्य आयोजना, म्हणजे जंगल व्यवस्थापनाचा आराखडा, बघावी. ती साधारण दहा वर्षांसाठी असते आणि तिच्यासाठी वेगळी मोजणी होते.

६. देशात एवढा लाकूडसाठा आहे म्हणता, मग कापत का नाहीत?

रोजच्या पेपरात गंगापूर धरणाचा साठा आपण बघतो ना, तसंच इथं वाचायचं. धरण ७० टक्के भरलं म्हणजे ७० टक्के पाणी नळाला येणार असं नाही. मृतसाठा असतो, आरक्षण असतं, आणि खरा प्रश्न पुढच्या पावसात आवक किती, हा असतो.

२०२३ च्या अहवालानुसार देशात उभं लाकूड ६४३ कोटी घनमीटर. त्यातलं सुमारे ४४८ कोटी जंगलात, १९५ कोटी जंगलाबाहेर. पण जंगलातल्या साठ्याचा मोठा भाग अभयारण्यांत, उभ्या कड्यांवर, नदीउगमाच्या पाणलोटात आहे. तो आपला मृतसाठा, त्याला हात लावायचा नाही. उरलेल्यातही दर वर्षी जेवढी वाढ होते, तेवढ्याच्या आतच तोड बसवायची. वनखात्याच्या सागाला साठ-ऐंशी वर्षांचं चक्र असतं. आज लावलेलं रोप कापायला तुमचा नातू येईल. शिवाय १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मंजूर कार्य आयोजनेशिवाय जंगलात कुऱ्हाड चालत नाही. तो खटला गोदावर्मन प्रकरण म्हणून ओळखला जातो. पुढं प्रश्न १२ मध्येही तो भेटेल.

७. मग नाशिकच्या वखारीत लाकूड येतं कुठून?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि उत्तर ऐकून बहुतेक जण चमकतात: फारसं जंगलातून येत नाही.

वन सर्वेक्षणाच्या २०११ च्या अहवालात हिशोब होता. सरकारी जंगलांतून वर्षाला ३१.७५ लाख घनमीटर लाकूड, आणि जंगलाबाहेरच्या झाडांमधून ४.२८ कोटी. म्हणजे तेरापट. बांध, परसदार, कालव्याचा काठ, शेतातली निलगिरी-सुबाभूळ, हेच देशाचं खरं लाकडाचं रान. २०२३ च्या अहवालात जंगलाबाहेरून दर वर्षी मिळू शकेल असं औद्योगिक लाकूड ९.१५ कोटी घनमीटर धरलं आहे. "मिळू शकेल" हे शब्द विसरू नका. झाड कापण्याजोगं आहे म्हणजे ते विकायला निघालंच असं नाही, आणि कागदाच्या लगद्याला चालणारी सुबाभूळ दरवाजाच्या चौकटीला चालत नाही. जंगलाबाहेरच्या वृक्षाच्छादनात महाराष्ट्र देशात पहिला आहे, सुमारे १४,५२५ चौरस किलोमीटर. ही शाबासकी घाटाखालच्या आणि वरच्या शेतकऱ्याची.

आता वखारीत चला. दारातच उभे असतात ते ओंडके बहुधा आयात सागाचे. घाना, इक्वाडोर, पनामा अशी देशांची नावंच मालाची नावं झाली आहेत. म्यानमारनं एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून "बर्मा टीक" मागणाऱ्याला वखारवाला मनातल्या मनात हसतो. मागच्या बाजूला पाइन, ते न्यूझीलंडहून कांडला-गांधीधाममार्गे आलेलं. प्लायवूड उत्तरेतल्या पॉप्लर-निलगिरीचं. कोपऱ्यात थोडा "सीपी साग", म्हणजे चंद्रपूर-मध्य प्रदेशाकडचा, आणि "वलसाडी". वलसाडी म्हणून जो विकला जातो, तो डांग-सुरगाण्याच्या एकाच डोंगररांगेच्या दोन बाजूंचा. राज्याची सीमा आपल्याला, सागाला नाही. बाभूळ, कडुनिंब, आंबा ही गावठी लाकडं मात्र आजूबाजूच्या तालुक्यांतली.

८. मागणी नक्की कशाची वाढली? सेंट्रिंगला तर आता लोखंडी प्लेटा आल्या.

बरोबर, आणि द्राक्षाच्या खोक्यांना पुठ्ठा आला, खिडक्यांना ॲल्युमिनियम आलं. केंद्रीय बांधकाम खात्यानं १९९३ मध्ये सरकारी इमारतींत लाकूड बंद केलं होतं. ती बंदी २०२० मध्ये उठली. वाढलंय ते प्लायवूड, फर्निचर आणि पॅकिंग. सातपूर-अंबडहून निघणारं जड यंत्र लाकडी पेटीशिवाय जात नाही, आणि कांदाचाळीला बांबू-बल्ल्या लागतातच. २०२७ च्या सिंहस्थाला तंबू आणि मांडवांसाठी बांबूची जी मागणी येईल, ती तर वेगळीच.

९. वखारवाला घेर मोजून घनफूट काढतो. त्यात फसवणूक असते का?

पद्धत जुनी आणि उघड आहे. घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं. समजा ओंडक्याचा घेर ४० इंच, लांबी १० फूट. चौथा भाग १०, वर्ग १००, गुणिले १०, भागिले १४४. म्हणजे ६.९४ घनफूट. तोच ओंडका गोल नळकांड्यासारखा धरून हिशोब केला तर ८.८४ येतात. पाव-घेराची पद्धत नेहमी सुमारे साडेएकवीस टक्के कमी दाखवते. साल आणि करवतीत जाणारा भुसा त्यात धरला आहे असं समजायचं.

विकत घेणाऱ्याचा यात तोटा नाही, पण विकणाऱ्या शेतकऱ्यानं हे माहीत करून घ्यावं. झाड घेताना एक माप आणि कापलेला माल विकताना दुसरं, असं कोणी करत असेल तर तिथं खोट आहे. आणि सरकारी आकडे घनमीटरमध्ये असतात: १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट.

१०. माझ्या बांधावर सागाची बारा झाडं आहेत. माझीच जमीन, माझीच झाडं, मग परवानगी कशाला?

१९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्यात काही जाती अनुसूचित आहेत: साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन वगैरे. या जाती खासगी जमिनीवर असल्या तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. सातबारा, नकाशा आणि झाडांची यादी घेऊन वन परिक्षेत्र कार्यालयात जा. जमीन वनहद्दीला लागून असेल तर आधी हद्द दाखवावी लागते. त्यात वेळ जातो, म्हणून मुलीच्या लग्नाच्या महिनाभर आधी अर्ज करू नका. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आजच करून घ्या. अर्ध्या फायली तिथंच अडकतात.

तोड झाली की वाहतुकीचा पास वेगळा. डिसेंबर २०२३ पासून देशभर एकच ऑनलाइन पास प्रणाली आली आहे.

माझं मत विचाराल तर, लाकडाचा पुरवठा जर बांधावरूनच येणार (प्रश्न ७), तर बांधावरच्या माणसाला झाड लावणं सोपं आणि तोडणं अशक्य असं ठेवून चालणार नाही. साग उगवला की उपटून टाकणारे शेतकरी मी पाहिले आहेत, केवळ पुढची कटकट नको म्हणून.

१०-अ. आम्ही पेठ तालुक्यातले आदिवासी खातेदार. व्यापारी रोख पैसे द्यायला तयार आहे. विकू का?

नका. अनुसूचित जमातीच्या खातेदाराच्या झाडविक्रीला १९६९ चा वेगळा कायदा आहे. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करता येत नाही, व्यवहार जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतो. उभं झाड पाच हजारात लिहून घेऊन तेच पन्नास हजारांना विकण्याचे प्रकार थांबावेत, हा त्यामागचा हेतू. हातात पैसा उशिरा येतो, ही तक्रार मात्र खरी आहे.

११. बांबूलाही हेच सगळं?

शेतातल्या बांबूला नाही. २०१७ च्या दुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातल्या "झाड" या व्याख्येतून निघाला. तोवर गवताच्या कुळातली ही वनस्पती कायद्यानं झाड होती. जंगलातल्या बांबूची गोष्ट वेगळी. तिथं सामूहिक वनहक्क मिळालेली ग्रामसभा तो विकू शकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाच्या हाती २०११ साली वाहतूक पासाचं पुस्तक आलं, ते याच हक्कातून.

१२. सॉ मिल टाकायची आहे. नवं लायसन्स मिळेल का?

ठरवते राज्यस्तरीय समिती, २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, आणि ती पहिल्यांदा बघते ते लाकूड उपलब्ध आहे का. प्रश्न ५ मधली मोजणी इथं कामाला येते: गिरण्यांची भूक पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की चोरीचा माल शिरायला लागतो. गोदावर्मन खटल्यात विनापरवाना गिरण्या बंद पडल्या, त्याचं कारण हेच.

१३. सरपणाचा हिशोब कुठं येतो?

फार कमी ठिकाणी, आणि तोच सगळ्यात मोठा आहे. २०११ च्या अहवालानुसार देशात वर्षाला २१.६ कोटी टन जळाऊ लाकूड लागत होतं, त्यातलं ५.९ कोटी टन जंगलातून. २०१९ च्या अहवालात जंगलालगतच्या गावांचं सरपणासाठीचं अवलंबित्व महाराष्ट्रात सर्वाधिक निघालं. उज्ज्वला योजनेची टाकी घरात आहे, पण भरायला पैसे नाहीत, म्हणून हरसूल-पेठच्या रस्त्यावर मोळ्या अजून दिसतात. मोळीची पावती कोणी फाडत नाही, त्यामुळं ती फक्त घरोघर विचारूनच मोजता येते. शहरातल्या अमरधामाचं लाकूडही यातच धरा: एका अंत्यविधीला साधारण तीनशे किलो.

१४. द्राक्षाच्या कंटेनरमधल्या पॅलेटवर गव्हाचं कणीस आणि आकडे असलेला शिक्का असतो. तो जंगल वाचवल्याचा का?

नाही. तो कीड मेल्याचा. लाकडाच्या गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंशांवर ठेवलं की हा शिक्का मिळतो. परदेशातल्या बंदरावर भुंगेरे जाऊ नयेत एवढाच त्याचा अर्थ. लाकूड कुठून, कसं तोडलं, हे तो सांगत नाही. त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र लागतं. देशाची स्वतःची वन व लाकूड प्रमाणन योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली.

१५. तपोवनातली झाडं या मोजणीत येतात का?

शहरी झाडांचाही नमुना घेतला जातो, पण त्यातून राज्याचा अंदाज निघतो. अमुक बागेतली अमुक वडाची नोंद त्यात नसते. सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी तपोवनातल्या झाडांचा प्रश्न उठला तेव्हा अनेकांनी राष्ट्रीय आकडे एकमेकांवर फेकले. ते तिथं निरुपयोगी. शहरात १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावावी लागतात. भांडण करायचं असेल तर झाडाच्या वयावर करा. सगळं तिथूनच ठरतं.

१६. महोगनी किंवा मलबार नीम लावा, बारा वर्षांत करोडपती व्हा, असं सांगणारे आले आहेत. लावू का?

माझ्या एका नात्यातल्या माणसानं सिन्नर तालुक्यात अशीच दोन एकर लावली. रोपं महाग दिली, परत विकत घेण्याचा करार दिला, चौथ्या वर्षी फोन लागेनासा झाला. झाडं उभी आहेत. वाईट नाहीत. पण खोड अजून मनगटाएवढंच आहे, कारण हलक्या मुरमाला पाणी बेताचं मिळालं.

लावायला हरकत नाही, पण आधी एवढं विचारा: तुमच्या शंभर किलोमीटरच्या आत ते लाकूड आज कोण विकत घेतं? किती जाडीचं? टनावर की घनफुटावर? या तीन प्रश्नांना विक्रेत्याकडं उत्तर नसेल तर त्याच पैशात द्राक्षबागेच्या पश्चिमेला सुरूच्या झाडांची वारारोधक रांग लावा. वारा तरी अडेल.